दुखणं ओळखायची नोकरी

जनावरांचा डॉक्टर झालो आणि नोकरी लागली ती माकडांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत, कोल्हारच्या आमच्या घरापासून चार-पाच तासांवर. तिथे एंडोमेट्रिऑसिसवरच्या औषधाची चाचणी चालू होती. या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पोटात इतरत्र वाढतं आणि दर पाळीला तिथेही रक्त उतरतं. गायीला, शेळीला बाईसारखी पाळी येत नाही. माकडिणीला येते, म्हणून माकडिणी.

माणूस समोर असेपर्यंत माकडीण दुखणं दाखवत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यात बघायचं. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, पुढ्यातलं खाणं तसंच. अशा खुणा टिपायचं माझं काम होतं आणि त्यात माझा हात चांगला बसला होता.

त्या दिवाळीत घरी आलो. दुपारी पाणी प्यायला आत गेलो, तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. गुडघे पोटाशी. ताट वाढलेलं, भाकरी मोडलेली नाही. मला पाहताच उठल्या, पदर सारखा केला आणि चहा टाकू का म्हणाल्या.

त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. महिन्यातले काही दिवस त्या कुणाशी बोलत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणायची, स्वभावच तसा. एका मुलीनंतर पुन्हा दिवस गेले नाहीत, ते मनाला लावून घेते, असं दादा म्हणायचा.

वहिनीला पाळीबद्दल विचारायची आमच्याकडे रीत नाही. दोन दिवस विषय काढता आला नाही. तिसऱ्या दिवशी त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या. शेजारी बसून मी माझ्या नोकरीचं सांगू लागलो, माकडिणींच्या खुणा एकेक करून सांगितल्या. त्यांचे हात थांबले.

"भाऊजी, परसाकडं बसल्यावर बी दुखतं का त्यांला?"

"ते त्यांना सांगता येत नाही, वहिनी. तुम्हाला दुखतं?"

"लई," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीपासनं."

दादाशी मीच बोललो. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि त्याच आठवड्यात त्यांना नगरला नेलं. तोच आजार निघाला: दोन्ही अंडाशयांवर जुन्या रक्ताच्या गाठी होत्या, आतडं गर्भाशयाला मागून चिकटलेलं होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी मी खाटेजवळ बसलो होतो. माकडिणींना हा आजार कसा होतो, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलवेना. आम्हीच ऑपरेशन करून त्यांचंच अस्तर त्यांच्या पोटात लावतो, हे सांगितलं. काहींना औषध देतो, काहींना देत नाही, फरक कळावा म्हणून, तेही सांगितलं.



"ज्यांला देत न्हाई, त्यांच्यापाशी कोन बसतं?"

"मी," म्हणालो. खरं तर मी दुसऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसायचो.

परत गेल्यावर वरिष्ठांकडे मागणी केली, की दुखणं ठरावीक हद्दीपलीकडे गेलं तर ती माकडीण चाचणीतून काढून तिला वेदनाशामक द्यावं. बऱ्याच चर्चेनंतर ते मानलं गेलं. दोन माकडिणी निघाल्या, बाकीच्या राहिल्या. चाचणी संपेपर्यंत मी थांबलो, मग नोकरी सोडून राहुरीकडे गुरांचा दवाखाना काढला.

वहिनींचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. गोळ्या चालू आहेत. यंदा पुतणीला पाळी आली, तेव्हा वहिनींनी तिला जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, किती दुखतंय. आई ताट घेऊन आत गेली. दादा बसून राहिला, मुलीचं उत्तर ऐकत.