एक कोयता, एक कोपी

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. दोघांतलं एक मेलं, पळालं किंवा अंथरुणाला खिळलं, की मागं राहिलेल्याला म्हणायचं अर्धा कोयता. आता एकट्या माणसाच्या हातानं ऊस तुटत नाही असं थोडंच आहे? तुटतो की. पण मुकादमाला जोडी लागते, आणि मुकादमाला जे लागतं तोच टोळीचा कायदा.

देवगाव रंगारीच्या बानाबाईला हा कायदा नीट कळला तो तिचा नवरा गेल्यावर.

घर तसं मेंढरांचं. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, निम्मी मेंढरं मेली आणि निम्मी खाटकानं नेली. मग सोनाजीनं काठी-घोंगडं खुंटीला टांगलं आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन नगरकडच्या कारखान्याला ऊस तोडायला जाऊ लागला. त्याचा धाकटा भाऊ कडूबा आणि कडूबाची बायको वच्छलाबाई हेही त्याच टोळीत. पुढं मोळ्या वाहून वाहून वच्छलाबाईची कंबर गेली. ती गावाकडं राहिली आणि कडूबा एकटा येऊ लागला. भावाच्या आडोशानं त्याचं अर्धं काम खपून जायचं.

एका पहाटे फळी दवानं ओली झाली होती. डोक्यावर मोळी घेतलेला सोनाजी तिच्यावरून घसरला आणि मानेवर पडला. वास्तविक मोळी वाहायचं काम बायकोचं. बानाबाईला त्या दिवशी ताप होता, म्हणून मोळी त्यानं उचलली होती. ओढ्याच्या कडेला पाचटावरच त्याला अग्नी दिला. फडातलं काम दुपारपर्यंत थांबलं, दुपारनंतर सुरू झालं. कारखान्याच्या चरकाला सुतक नसतं.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ मुकादम कोपीपाशी आला. उसाच्या वाढ्यांनी शाकारलेली, वाकल्याशिवाय आत शिरता न येणारी झोपडी ती, तिला कोपी म्हणायचं. मुकादम बाहेरच उकिडवा बसला. माणूस तोंडाचा गोड होता. हे लोक तोंडाचे गोडच असतात, नाहीतर एवढी माणसं ढोरांसारखी त्यांच्या मागं कशाला गेली असती?

"बाने, झालं ते लई वाईट झालं," तो म्हणाला. "पन सीजन अजून निम्मा पडलाय. पैशाची उचल तुमी जोडीनं घेतलेली, ती फिटली नाय. आता तू अर्धा कोयता. मी काय करू तुझं?"

मार्ग त्यानं घरूनच काढून आणला असणार, हे बानाबाईला ठाऊक होतं.

"फकिरा बी अर्धाच हाय. बायको पळाली त्याची. तुझी आवडा दे त्याला. परवा कारखान्याच्या गेटावर हार घालू, लुगडं मी घेतो. त्यांचा एक कोयता झाला, की तू ऱ्हाय त्यांच्यात. म्हातारपनाची बी सोय झाली."

आवडा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती त्या वेळी ओढ्यावर पाण्याला गेली होती. फकिरा तिच्या बापाच्या वयाचा, दारू पिऊन बैलांना मारणारा. गेटावरची अशी लग्नं बानाबाईनं पाहिली होती. चाळिशीच्या आत म्हाताऱ्या झालेल्या त्या पोरी तिच्या शेजारीच मोळ्या बांधत होत्या.

"नाय," ती म्हणाली.

मुकादमाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"नाय म्हणले. आवडा नाय. ती गावाकडं जाईल, साळंत."

"मग कोयता कुठून पुरा करू? सोनाजीला उठवून आनू?"

हे बोलणं तिच्या काळजात रुतलं. पण रडायला वेळ नव्हता. तिला दुसरा अर्धा कोयता हवा होता आणि तो समोरच्या कोपीत विडी ओढत बसलेला दिसत होता.

"कडूबा भावजी हायती," ती म्हणाली. "त्यांचा आन माझा लावा."

मुकादमानं मान वाकडी करून विचार केला. सौदा वाईट नव्हता. "लावतो. पन एक कोयता, एक कोपी. दोन कोप्या मी देनार नाय. मागनं रडत येऊ नकोस."

कडूबाला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्याला सांगितलं तेव्हा तो खाली मान घालून "बरं, वयनी" एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात बानाबाईनं गावाकडच्या एका माणसाबरोबर आवडाला वच्छलाबाईकडं धाडलं. पोर माय माय करून रडली. मायनं तिला नुसतं "साळा सोडू नको" सांगितलं. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं.

कडूबा वाईट नव्हता. पहिल्या हंगामात तो बाहेर पाचटावर घोंगडं पांघरून झोपला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच जोडी, तीच कोपी, आणि पौषातल्या थंडीत तो आत आला. बानाबाईनं त्याला बाहेर हो म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो गेलाही असता, आणि टोळी सोडून पार घरी गेला असता. मग ती पुन्हा अर्धी, आणि मुकादम पुन्हा आवडाचं नाव काढून दारात. तिनं डोळे मिटून घेतले. त्या माणसाबद्दल तिला ना राग आला, ना माया. सकाळी कोयत्याला धार लावायची होती.

गावात वच्छलाबाई होती. तिला तरी कोणत्या तोंडानं दोष द्यायचा? कंबर मोडलेली, नवरा सहा महिने भावजयीच्या कोपीत. जळत असणारच ती. पण ते जळणं तिनं ओकायला जागा निवडली ती आवडाची. भाकरी वाढता वाढता म्हणायची, "तुझी माय लई शानी. राख गार व्हायच्या आत दुसरा गाठला." पोरीला आधी कळायचं नाही. मग कळायला लागलं. आणि कळलं त्या उन्हाळ्यापासून ती आईच्या जवळ झोपेनाशी झाली.

बानाबाईला ते दिसत होतं. सांगावंसं दहादा वाटलं. पण काय सांगायचं? तुझ्यापायी मी हे केलं, असं लेकीच्या डोक्यावर ओझं टाकायचं? तिनं ते ओझं स्वतःकडंच ठेवलं आणि आवडाला शहरातल्या वसतिगृहात घातलं.

आवडा शिकली. झपाटल्यासारखी शिकली. इतिहास घेऊन एम. ए. झाली, कॉलेजात लागली. सरकारी कचेरीतल्या नानासाहेबांशी तिचं लग्न झालं आणि शहराच्या कडेला पडेगावला त्यांनी घर बांधलं. लग्नात कन्यादानाला बसले कडूबा आणि वच्छलाबाई. विधवेला बसता येत नाही, हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं पडलं. बानाबाई चुलीकडं बुंदी राखत बसली. ज्या हातांनी ती पोर गेटावर जाऊ दिली नाही, ते हात बुंदीवरच्या माश्या हाकत होते. हे लिहितानाही राग येतो, पण तिला स्वतःला त्या दिवशी राग आला नाही. लेक चांगल्या घरी पडली, एवढ्यावरच ती खूश होती.

कडूबा मेला. बानाबाईचे गुडघे गेले आणि कोयता सुटला. पुढं एका वर्षी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायला ती पडेगावला लेकीकडं आली. नेमकं त्याच दिवसांत आवडाचं शहरात औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात व्याख्यान होतं.

"मामींनाही घेऊ," नानासाहेब म्हणाले.

"तिला काय कळणार त्यातलं?" आवडा म्हणाली.

"घरी एकट्या बसून तरी काय करतील?" जावयानं सासूला रिक्षात घातलं.

बानाबाई शेवटच्या रांगेत बसली. लेक लांब, उंचावर, माईकपुढं. विषय होता मॉरिशस. समुद्रातलं एक बेट, सगळीकडं ऊस. आफ्रिकेकडून माणसं धरून, साखळदंड घालून आणली, त्यांच्याकडून ऊस तोडून घेतला, साखर करून घेतली. पुढं गुलामी कायद्यानं बंद झाली, तर आपल्याकडची माणसं कराराच्या नावाखाली बोटीत घालून नेली. त्यांत मराठी माणसंही होती. एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांची मजुरी कापायचे.

बानाबाईनं कान टवकारले. खाडा तिला कळत होता. ऊसही कळत होता.

मग आवडा बायांबद्दल बोलायला लागली. साखरेच्या अशा बेटांवर गुलाम बाईला आपला माणूस निवडता येत नसे. मालक ठरवील त्याच्याबरोबर तिनं एका झोपडीत राहायचं. लोक तिला नावं ठेवत. पण तिला कुणी विचारलं होतं का? आवडाचा आवाज कापला.

बानाबाईच्या अंगावर काटा आला. हिला कळलंय! सगळं कळलंय. कुणी सांगितलं असेल? आईचं नाव चार लोकांत कसं घ्यावं, म्हणून पोर बेटाचं निमित्त करून बोलतेय. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि ताठ बसली. शेजारची एक बाई रुमालानं डोळे टिपत होती. बानाबाई तिला म्हणाली, "माझी लेक हाय ती."

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिला राहवेना.

"आवडे, लई झ्याक बोललीस. माझं नाव न घेता माझं समदं सांगितलंस. मला वाटायचं, तू मनात धरलंस."

आवडाचा घास हातातच राहिला. "तुझं? तुझं काय सांगितलं मी?"

"त्या बाया... एका झोपडीत ठेवायचे ते."

आवडानं घास ताटात ठेवला. मग अगदी सावकाश, वर्गात समजावून सांगावं तसं म्हणाली, "आई, त्या गुलाम होत्या. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. तुला येत होतं."

नानासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

बानाबाईला वाटलं, कुणीतरी छातीवर मोळी आदळली.

"येत व्हतं," ती म्हणाली. "एकदा म्हणले बी. बद्रीनाथ मुकादम तुझा हात फकिराला मागाया आला तवा. गेटावर हार घालायचं ठरवून आला व्हता. तू पान्याला गेल्ती. मी नाय म्हणले, आन तुझ्या जागी मी उभी ऱ्हायले."

मग तिनं सगळं सांगितलं. एक कोयता, एक कोपी. पौषातली थंडीही तिनं वगळली नाही.

"कधी सांगितलं का नाहीस?" आवडा रडत म्हणाली.

"कवा सांगू? आधी तू लहान व्हतीस, मंग तू बोलनंच टाकलंस."

आवडानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. पुढचे काही दिवस ती आईच्या केसांना तेल लावत होती, गुडघे चोळत होती, खोदून खोदून विचारत होती: कोपी केवढी होती, मुकादम नेमकं काय म्हणाला, थंडीत पांघरायला काय होतं? बानाबाई सांगत राहिली. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. गावी परतल्यावर तिनं वच्छलाबाईच्या दारापुढून मान वर करून चालायला सुरुवात केली. लेकीला कळलं, आता जगाचं काय ते जगानं बघावं.

चैत्रात आवडा जीप करून देवगावला आली. येतानाच चेहरा फुललेला.

"आई, पुण्याला मोठी परिषद झाली. तिथं मी तुझी गोष्ट सांगितली. बेटावरच्या बायांच्या शेजारी तुला उभं केलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. कितीतरी जण रडले."

ओशाळल्यासारखं हसून बानाबाई म्हणाली, "माझी माय हाय म्हणून सांगितलंस?"

आवडा पदराशी चाळा करू लागली. "नाव कशाला घ्यायचं, आई? मराठवाड्यातली एक ऊसतोड बाई, असं म्हटलं."

"कुनी इचारलं नाय, तुला कसं ठावं म्हणून?"

"विचारलं की. सांगितलं, अभ्यासासाठी गावोगाव फिरत होते, तेव्हा भेटली होती."

बानाबाईनं लेकीकडं नीट पाहिलं. बरा झालेला डोळा आणि अधू डोळा, दोन्हींनी पाहिलं.

"भेटले व्हय मी तुला?" ती म्हणाली. "कवा गं?"