टाळूची चावी

वसुंधरा माहेरी होती तेव्हा गावात तिच्याबद्दल एक वाक्य फिरायचं: हिचे दात आधी घरात येतात, मग ही येते. जळगाव-जामोदकडचं खेडं ते. तिथं माणूस तोंडावर बोलतो आणि मग बसवून चहाही पाजतो. स्थळं यायची, पोहे खायची, बशी चाटूनपुसून जायची, निरोप काही यायचा नाही. शेवटी इंदूरच्या शशिकलाबाईंनी तिला मुलासाठी पसंत केलं. "दातांचं काय घेऊन बसलात, पोळ्या काय दातांनी लाटायच्या आहेत?" असं त्या बैठकीत म्हणाल्या, आणि पुढं हा उपकार अधूनमधून आठवूनही देत राहिल्या.

इंदुरात वसुंधरा शाळेत शिकवायला लागली. नवरा अनीश पीथमपूरच्या कारखान्यात, शिफ्टप्रमाणं घरी दिसणारा. शाळा, भाजी, वह्या, कुकर, पुन्हा शाळा. तिचा थकवा झोपेनं जाणारा नव्हता. सकाळी चपलेत पाय सरकवले की तोही बरोबर निघायचा.

तिची पोरगी संहिता तोंड उघडं टाकून झोपायची आणि बैलासारखी घोरायची. दात मिटले की वरचे आत आणि खालचे बाहेर. दातांच्या डॉक्टर सुरुची यांनी तपासून सांगितलं, "वरचा जबडा अरुंद आहे. टाळूच्या मधोमध एक सांधा असतो, लहानपणी तो सुटा असतो. आत्ता हळूहळू रुंद करता येईल. वय निघून गेलं की हाड जुळतं, मग ऑपरेशनच."

वसुंधरेला विचार करावा लागला नाही. तिच्या लहानपणी दाताकडं लक्ष जायचं ते तो पडल्यावर, कौलावर फेकण्यापुरतं. आपल्याला कोणी असं वेळेवर सांगितलं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनं हो म्हटलं.

मग संहिताच्या टाळूला एक धातूची पट्टी बसली. तिच्या मध्यात बारका स्क्रू. जेवणं झाली की सुईएवढी चावी त्यात घालून रोज एकदा पुढून मागं फिरवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढच्या दोन दातांत फट पडेल, घाबरू नका. फट पडली म्हणजे काम होतंय. नंतर ती आपोआप बुजते."

हे घरी सासूला सांगायचं होतं. पण त्या संध्याकाळी कढई करपली, गॅस संपला, आणि ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

रोजचं रडणं सुरू झालं. "मम्मी, नाकात दुखतं, डोळ्यामागं दुखतं." वसुंधरा गुडघ्यांत पोरीचं डोकं धरून चावी फिरवायची आणि मग मोरीवर जाऊन उगाच भांडी आपटायची. फट दिसायला लागली तसं तिला बरं वाटलं. मग फट वाढायची थांबली. मग बारीकही झाली. वसुंधरा चावी फिरवतच होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "मॅडम, स्क्रू जवळपास जिथला तिथं आहे. तुम्ही फिरवत नाही आहात."

"रोज फिरवते हो."

"नोकरी सांभाळून होत नाही कधी कधी, मी समजू शकते. पण हिच्याकडं फार वेळ नाही."

स्कूटीवर परतताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर गर्दीत अडकून वसुंधरा स्वतःलाच विचारत होती: आपण खरंच फिरवतो का? की दमून बसल्या जागी झोपतो आणि फिरवल्याचं स्वप्न पडतं? इतकं दमल्यावर माणसाचा स्वतःवरचाही भरवसा उडतो.

त्यानंतर एक दिवस शाळा लवकर सुटली. ती घरात शिरली तर दिवाणावर आजीच्या मांडीवर संहिताचं डोकं, तोंड आ वासलेलं, आणि शशिकलाबाई चष्मा नाकावर ओढून चावी मागच्या बाजूनं घालून पुढं खेचताहेत.

"आजी, थोडी अजून उलटी," पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मस्त वाटतं."

वसुंधरा संतापली की तिची माहेरची बोली बाहेर पडायची. "काय करून राहिल्या तुम्ही? काहून असं करता?"

शशिकलाबाई जराही दचकल्या नाहीत. "चिल्लावू नको. पोरीच्या दातांत खिंड पडत होती, खिंड! तू रोज कसायासारखी तिच्या तोंडात हात घालते आणि दिवसभर ती माझ्याकडे रडते. मी काय बघत बसू? खजरान्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या भिंतीवर स्वस्तिकाचा उलटा साथिया काढून आले मी, की बाप्पा, फट बुजू दे, मग सीधा काढायला येईन."

"तिथंही उलटा आणि इथंही उलटं!"

संहिता खुदकन हसली, आणि आईचा चेहरा पाहून गप्प झाली.

"तुझ्या दातांवरून लोक काय काय बोलले ते मी ऐकलंय," शशिकलाबाईंचा आवाज उतरला. "माझ्या सख्ख्या जावेनं लग्नाच्या मांडवात नक्कल केली होती तुझी. या पोरीला तसलं नको, बस."

वसुंधरा खांद्यावरची पर्स न काढताच फरशीवर बसली. मग तिनं डॉक्टरांचं सगळं सांगितलं: सुटा सांधा, वय, ऑपरेशन, आपोआप बुजणारी फट.

"मग हे पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं? तोंडात दही जमलं होतं?"

"थकले होते, आई."

"थकले म्हणे. मी काय झूल्यावर बसून असते?"

वसुंधरेनं डॉक्टरांना फोन लावला आणि होतं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सांधा अजून सुटेल असं वाटतंय. खात्री नाही देत."

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर वसुंधरेनं चावीची डबी सासूपुढं सरकवली. "आजपासून तुम्ही. सुलटी."

"माझ्यानं नाही होणार. तिचं रडणं बघवत नाही मला."

"मले बघवते का? मी काय दगडाची हाव?"

शशिकलाबाईंनी चष्मा पुसला आणि डबीतून चावी काढली. "आ कर, बेटा."

संहिता आईकडं पाहत होती, ती झटकन आजीकडं वळली. "आजी, तू तर माझ्या साइडनं होती ना?"

"साइडबिइड काही नाही. आ."

चावी फिरली. पोरगी किंचाळली. तिच्याबरोबर आजीचंही तोंड वेडंवाकडं उघडलं, पण चावी शेवटपर्यंत गेली. वसुंधरेनं पोरीचे खांदे धरून ठेवले होते. काम झाल्यावर संहिता भिंतीकडं तोंड करून पडली.

"उद्या पण?" शशिकलाबाईंनी हळूच विचारलं.

"रोज. डॉक्टर थांबा म्हणतील तोवर."

शशिकलाबाई नातीच्या पायाशी टेकल्या आणि तळव्यावर हात ठेवायला गेल्या. नातीनं पाय ओढून घेतला.