पोर्टचा दिवा विझला त्या दुपारी

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही अकोल्याहून जयपूरला आलो. मला सीतापुऱ्याकडच्या एका खाजगी इस्पितळात कॉम्प्युटर विभागात नोकरी मिळाली. तिथले सगळे एक्स-रे आणि सीटी स्कॅन ज्या स्टोरेजवर साठायचे, ते माझ्या ताब्यात होतं. तळमजल्यावरच्या थंड खोलीत कपाटाएवढं ते यंत्र अखंड घरघरत असे. त्याला नेटवर्कची केबल लावायचे दोन पोर्ट होते. एक गेला तर दुसऱ्यावर भागावं म्हणून.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यातला एक गेला. त्यावरचा हिरवा दिवा विझला. वर डॉक्टरांना स्कॅन दिसत होते, कुणाची तक्रार नव्हती, पण मला चैन पडेना.

माझ्याबरोबर एक सहकारी होते, वयाने मोठे, जयपूरचेच. मी त्यांना भैया म्हणायचे. "केबल सैल झाली असेल," ते म्हणाले. काढून पुन्हा खोचली, दिवा नाही. मग मी लॅपटॉप आणून नवी केबल थेट पोर्टात लावली. दिवा लागला! समोरच्या भिंतीवरच्या नेटवर्क स्विचला, म्हणजे केबली जोडायच्या डब्याला लावली, तिथेही लागला. म्हणजे दोन्ही टोकं धड होती आणि बिघाड मधे कुठेतरी होता. मधली केबल उचलता येणाऱ्या फरश्यांखालच्या पोकळीतून जात होती.

एवढ्यात दुसऱ्या पोर्टचा दिवाही मधूनमधून विझू लागला.

आम्ही घाईने एक फरशी उचलली. टॉर्चच्या उजेडात पाणी चमकलं. केबलींचे जोड बुडाले होते, आणि पाणी सावकाश विजेच्या बोर्डाकडे सरकत होतं.

"मॅडमजी, सगळं बंद करा," भैया म्हणाले.

मी आधी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. सर्जनबाईच बोलल्या. "पेशंट टेबलावर आहे. स्कॅन समोरून गेला तर मी काय करू?"

"हवे ते स्कॅन तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मॅडम. मग बंद करते."

"आणि त्याआधीच गेलं तर?"

"तुम्ही सुरू करा, मॅडम. मी फोनवरच आहे."

उरलेल्या पोर्टचा दिवा विझला की उतरवणं थांबायचं, लागला की पुन्हा सुरू. भैयांनी वॉर्डातल्या चादरी गुंडाळून फरशीखाली कोंबल्या. पाणी त्यांच्या कडेने वाट काढतच होतं. ते खोलीच्या विजेच्या मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले. मी फोन कानाला लावून ऐकत होते. पलीकडे फक्त यंत्रांचा टिकटिक आवाज.

"बोर्डाला लागलं," भैया हळूच म्हणाले.

"मिळाले," फोनवर बाई म्हणाल्या.

मी स्टोरेज रीतसर बंद करायला घेतलं. त्याने आपला वेळ घेतलाच. घरघर थांबली आणि भैयांनी मेन खाली ओढला. अंधार झाला. त्या शांततेत भिंतीच्या आत पाणी ठिबकताना ऐकू आलं. इतके दिवस यंत्राच्या आवाजात ते आमच्या कानावर आलंच नसावं.

ऑपरेशन नीट पार पडलं. खोली वाळवून, केबली बदलून स्टोरेज पुन्हा चालू केलं, तेव्हा दोन्ही पोर्टांचे दिवे लागले. एकही स्कॅन गेला नव्हता. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

प्लंबरने भिंत फोडली. वरच्या वॉर्डातल्या न्हाणीघराचा भिंतीतला पाइप गंजला होता. त्याने वरपर्यंत ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "एकच नाही जी, पूरी लाइन अशीच आहे."

व्यवस्थापनाने बाकीची लाइन बदलायचं काम उन्हाळ्यानंतर काढायचं ठरवलं. तोवर मी रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती फरशी उचलून टॉर्च मारते.