सिंहाच्या हातांची खुर्ची

खुर्ची खाली ठेवली की तो आधी तुमचं तोंड न्याहाळायचा आणि म्हणायचा, "बसा जी इथंच. जाऊ नोका."

"काऊन?"

"उद्या तुमीच म्हणान, बुढ्यानं लाकूड बदलवलं."

गोंदियात स्टेशनमागच्या गल्लीत त्याचं टिनाचं शेड होतं. जुन्या कोरीव खुर्च्या नीट करणारा तो एकटाच उरला होता. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. मी आमगावला मास्तर. सासऱ्यांच्या दोन सागवानी खुर्च्या माझ्याकडे आल्या होत्या. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं, बैठकीचं मखमल फाटलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातली एक घेऊन गेलो आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिलो.

अशा माणसाचा तुम्हालाही संशयच आला असता. मला आला.

दुपारी कोपऱ्यावर चहाला गेलो. चहावाला हळूच म्हणाला, "सर, नज़र रखना. बड़े घर से निकाला था इसको. असली हत्था बेच के नकली लगा दिया था."

अर्धा कप टाकून परत आलो. एक सिंह काळा होता आणि दुसरा चक्क गोरा! मी वाकलो, गोऱ्या सिंहाच्या आयाळीवरून नख फिरवलं.

त्यानं हातोडी खाली ठेवली. "चहावाल्यानं सांगतलं ना?"

मी बोट मागं घेतलं.

त्यानं स्पिरिटात भिजवलेली चिंधी माझ्या हातात दिली. "दुसरा तुमी पुसा."

मी पुसत गेलो. चिंधी काळी होत गेली. पॉलिशचे थर निघाले आणि खालून तसंच मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. माझे कान तापले.

"त्या मोठ्या घरच्या मालकानं एवढंच केलं असतं," तो म्हणाला, "त माहा जलम असा नसता गेला."

दिवाळीनंतर दुसरी खुर्ची नेली. "बसत नाही, शाळा आहे," म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. "पाहून घ्या जी," एवढंच बोलला.

महिन्याभरानं गेलो, तर शेडला कुलूप. तो आठ दिवसांपूर्वी वारल्याचं शेजारणीनं सांगितलं. तिनंच कुलूप उघडून खुर्ची बाहेर आणून दिली. काम पुरं झालं होतं. बैठकीवर एक गाठोडं होतं. सोडलं, तर आत जुनं मखमल, कुजका काथ्या आणि उपटलेले गंजके खिळे, सगळे.

मी ते मोजले नाहीत.