लावणीचं बोलावणं

सापगावातली आमची भाताची खाचरं मोठ्या रस्त्यात गेली, मोबदला मिळाला आणि घरात सोफा आला. सोफ्यासमोर टीव्ही, डोक्यावर पक्की गच्ची आणि मध्ये मी. गाव मला ‘शेठ’ म्हणू लागलं. शेठला दिवसभर करायला काही नसतं, हे मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आषाढात अख्खं गाव भातलावणीला चिखलात आणि मी सोफ्यावर. आधी वाटलं, आराम आहे. मग आंघोळीचा कंटाळा येऊ लागला, जेवण नकोसं झालं, झोप उडाली. बायकोने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मला सात शिंका आल्या. त्या आठवड्यातली माझी तेवढीच हालचाल.

शेवटी तिने मला शहापूरला डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

“दिवसभर काय करता?”

“बसतो.”

“आणि पूर्वी?”

त्यावर मी जो सुटलो, तो पेरणीआधी जमिनीवर राब भाजण्यापासून भात झोडण्यापर्यंत सगळं सांगून थांबलो. बाहेर पेशंट खोळंबले. बाई म्हणाल्या, हे नैराश्य आहे. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि माणसांत जायचं.

माणसांत जाऊ कसा? आमच्याकडे लावणीला माणसाला माणूस लागतो. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. माझं खाचरच उरलं नाही, म्हणून मला कोणी बोलवेना. न बोलावता जावं, तर एवढ्या मोठ्या शेठचा मान आड येई.

मग बायकोच शेजारच्या वहिनींकडे गेली. मी खिडकीआड कान लावून.

“वयनी, आमच्या यांना लावणीला बोलवा ना.”

“अगो, बोलवू कशी? शेठचा दिवस आमी फेडायचा कुठं? तुमच्या सोफ्यावर बसून?”

“दिवाळीला तुमचं भात आमच्या गच्चीवर वाळवा. फिटला दिवस.”

वहिनी आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलायला लागल्या. मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाही होकारासाठी माझा जीव इतका टांगणीला लागला नव्हता. (हे आमच्या घरात वाचून दाखवू नये.)

“धाड त्याला सकाळी,” वहिनी म्हणाल्या.

गेलो. तासाभरात कंबर बोंबलली, तोल गेला आणि मी बदकन चिखलात बसलो.

“शेठ, सोफा आणायचा का बांधावर?” वहिनी ओरडल्या. सगळी हसली. मीही हसलो. किती महिन्यांनी, ते बायकोला विचारा.

ठणठणीत झालो, असं नाही. गोळ्या चालू आहेत, काही सकाळी सोफा अजून सोडत नाही. पण दिवाळीत वहिनींचं भात गच्चीवर पसरलं होतं आणि मी काठी घेऊन चिमण्यांवर डाफरत होतो. खालून हाक आली, “काय रे, येत्या साली सगळ्यात आधी आमच्याकडं यायचं! येशील नं?”

“बघतो, टाइम असला तर,” मी शेठच्या आवाजात म्हणालो.

आणि वहिनींचं मन बदलायच्या आत धावत जिना उतरून ‘येतो’ सांगायला गेलो.