उभ्या गाडीचे दिवस

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी पेपर तपासत होतो. प्रल्हादच्या नंबरावरून फोन आला, पण आवाज त्याचा नव्हता. कुणी परका ड्रायव्हर हिंदीत बोलत होता, "भाईसाब, ये गाडीवाले गुजर गये. आखरी फोन आपको ही किया था." तेलंगणातल्या एका गोदामाच्या फाटकाबाहेर, रांगेत उभ्या ट्रकमध्ये, भर दुपारी... याला आता दीड महिना झाला.

हिवरखेडच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. मी पुढं शिकलो आणि अकोल्यात गणिताचा मास्तर झालो. त्यानं दहावीनंतर स्टिअरिंग धरलं. सव्वीस वर्षं ट्रक चालवला, पण कुणाला साधं खरचटलं नाही त्याच्या गाडीनं. अकोल्यावरून जाताना बायपासला गाडी लावून जठारपेठेत आमच्या घरी यायचा आणि पायरीवरच बसायचा. कपड्याला डिझेलचा वास आहे म्हणायचा. बायकोनं कितीदा आत बोलावलं, पण नाहीच.

तीन वर्षांपूर्वी मालकानं त्याच्यापुढं दोन पर्याय ठेवले. महिना पंधरा हजार आणि वर जेवणाचा भत्ता, नाही तर किलोमीटरला अडीच रुपये, जेवण ज्याचं त्याचं. त्याची पोरगी पल्लवी तेव्हा अमरावतीला नर्सिंगला लागलेली. "मास्तर, तूच सांग. मले हे समजत नाई," तो म्हणाला. महिन्याला गाडी किती चालते, मी विचारलं. "आठ हजार त आरामात." म्हणजे वीस हजार. जेवण वजा जाता दोन पैसे वरच उरत होते. मी दोन मिनिटांत सांगून टाकलं, "किलोमीटरवर घे."

महिनाभरानं तो आला. पाच हजार नऊशे किलोमीटर भरले होते. पावणेपंधरा हजार, आणि जेवणही त्यातूनच. "असं कसं झालं?" मी विचारलं. "अकरा दिवस गाडी उभीच होती ना. कुठं माल भराले, कुठं खाली कराले. उभ्या गाडीचे किलोमीटर कोण मोजते बे?" असं म्हणून तोच हसला. आठ हजार हा त्याच्या चांगल्या महिन्याचा आकडा होता, आणि महिन्यात किती दिवस गाडी उभी असते हे मी विचारलंच नव्हतं. मालकाकडं जा, पुन्हा पगारावर ये, असं मी म्हटलं. तो गेलाही. मालक म्हणाला, एकदा ठरलं ते ठरलं. मग प्रल्हादनं झोपेतून किलोमीटर काढायला सुरुवात केली. कधी आठ हजार भरायचे, कधी साडेआठ. पाय सुजलेले असायचे, चपलेचा पट्टा चढायचा नाही. माझ्यावर मात्र तो एकदाही चिडला नाही... चिडला असता तर बरं झालं असतं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला होता. दोन दिवसांपासून रांगेत होता. "छातीत जळजळ करून राहिली, मास्तर."

"डॉक्टरकडं जा ना!"

"नंबर जाईन ना मंग. मोरं चारच गाड्या हायेत."

प्रार्थनेची घंटा झाली होती. "चहा कमी पी," असं म्हणून मी फोन ठेवला.

मालकानं तिरडीचा आणि गाडीभाड्याचा खर्च दिला, भरपाईचं नाव काढलं नाही. गाडी उभी होती, म्हणजे माणूस कामावर नव्हता, असं त्याचं म्हणणं. पल्लवीनं वकील गाठला. वकिलाला प्रल्हादची सरासरी कमाई लिहून हवी होती, ती मी लिहून दिली. या वेळी उभे दिवसही धरले, तीन वर्षांतले जेवढे कळले तेवढे सगळे. निकाल कधी लागेल, सांगता येत नाही.

कागदावर प्रल्हादच्या बायकोची सही घ्यायला परवा हिवरखेडला गेलो. खोलीत त्याचा पलंग होता, लग्नातला, सहा फुटी. गादीला खळगा पडलेला, पण वरच्या अर्ध्यातच; पायाकडची गादी कोरी, फुगलेली. मी बघत राहिलो तशी संगीतावहिनी म्हणाल्या, "घरी आले तरी पाय पोटाशी घेऊनच झोपत, भाऊजी. मी म्हणो, लंबे करा ना, आता घरी हाये तुमी, ट्रकच्या केबिनमंदी नाई... पन त्याईले जमेच नाई."