पेपरमिंटची डबी

बसस्थानकात तिला सगळे भोंगेबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकवीस वर्षं फलाटांवरचे सगळे भोंगे तिच्या आवाजात बोलत होते, आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाशिवाय तिच्यात गोड असं काहीही नव्हतं.

नेमका तोच बसायला लागला. सकाळी उठली की आवाज घोगरा, तोंडात आंबट पाणी, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून दिवसभर खाकरणं. स्थानकप्रमुखाने सांगून टाकलं, "तीन महिने देतो. सुधारलं नाही तर सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसा." त्या खोलीत छत्र्या होत्या आणि एकेकटे बूट. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या सुट्टीच्या दिवशी माइकवर बसणारा तिकीट खिडकीवाला तर टपूनच होता. "काय बाई, आज कोकिळा की कावळा?" असं तो रोज विचारी. ती त्याला पाण्यात पाही आणि आणखी एक पेपरमिंटची गोळी तोंडात टाकी. पोचे पडलेली ती पत्र्याची डबी तिला आधीच्या उद्घोषक म्हातारीने जाताना दिली होती. "माइकपुढे बसणाऱ्याने ही तोंडात ठेवायची. घसा मोकळा राहतो," असं घोगऱ्या आवाजात सांगून म्हातारी गेली. आता बाईच्या दिवसाच्या सहा गोळ्यांच्या वीस झाल्या होत्या. वर कडक चहा, आणि रात्री घरी पोचल्यावर गच्च जेवून ताटावरून थेट गादीवर.

शेवटी ती नाक मुठीत धरून नणंदेच्या दवाखान्यात गेली. नणंद घशाच्या डॉक्टरांकडे परिचारिका होती. सासूच्या आजारपणात कोण किती जागलं यावरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. पोटातलं ॲसिड घशापर्यंत चढून आवाजाच्या पडद्यांना सूज आली आहे, छातीत जळजळ नसली तरी असं होतं, असं सांगून जेवणाआधीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

"पर्स उघडा, वहिनी," नणंद म्हणाली.

"का?"

"तुमच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतोय." डबी बाहेर आली. नणंदेने झाकण उघडून पाहिलं. "पोटातलं वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झडप असते. पेपरमिंटने ती सैल पडते. घसा गार वाटतो तो तेवढ्यापुरता. स्वतःच दार उघडं टाकलंत, आणि आता चोर आला म्हणून ओरडताय."

"म्हणजे माझंच चुकलं. तुम्हाला तेवढंच हवं असतं, वन्सं."

"हो, तुमचंच. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं. चहा कमी करा. घास अडकायला लागला किंवा वजन उतरलं तर लगेच या. एरवी नाही आलात तरी चालेल."

बाई दातओठ खात घरी आली. या बयेचं तोंड पुन्हा बघायला लागू नये, एवढ्याचसाठी तिने सगळं पाळलं. पेपरमिंटची डबी कामावरच्या खणात बंद. जेवणाचा डबा संध्याकाळी सातलाच, कामावर. नवरा उतरत्या पलंगावरून घसरत होता आणि कुरकुरत होता. तीन आठवडे काही फरक पडेना, तेव्हा तिने नणंदेला मनसोक्त शिव्या घातल्या. सहाव्या आठवड्यात खाकरणं थांबलं. तीन महिने भरले त्या दिवशी तिने प्रमुखासमोर बावीस थांबे एका दमात खणखणीत म्हटले. तो "ठीक आहे" म्हणाला. खिडकीवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

तिच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी खिडकीवाला माइकचा ताबा घ्यायला आला. खुर्चीत बसला आणि खाकरला. सकाळपासूनची ही सातवी वेळ, तिने मोजलं होतं.

"हल्ली रात्री घशाशी आंबट येतं," तो म्हणाला. टिंगल कुठल्या कुठे पळाली होती. "तुम्ही काय केलंत, बाई? सांगा ना."

झडप, विटा, तीन तास, सगळं तिच्या ओठांवर होतं. मग तिला म्हातारीचा घोगरा आवाज आठवला. म्हातारीला ठाऊक होतं की काय?

तिने खण ओढला आणि डबी त्याच्यापुढे सरकवली.

"माइकपुढे बसणाऱ्याने ही तोंडात ठेवायची," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "घसा मोकळा राहतो."